सदर्न ब्लूफिन टूना: नात्यागोत्यावरून माशांची मोजदाद

सदर्न ब्लूफिन हा आपल्या बाजारातल्या कुप्याचाच भाऊबंद, पण आकाराने अवाढव्य. लांबी दोन मीटरच्या वर, वजन 200 किलोच्याही वर, आयुष्य चाळीसएक वर्षांचं. दक्षिण गोलार्धाच्या तिन्ही महासागरांत तो फिरतो, मात्र विणीला एकाच ठिकाणी येतो: जावा बेट आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा यांच्यामधल्या हिंदी महासागरात. पिल्लं मग ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतात.

1950च्या दशकात जपानी बोटी लाँगलाइन, म्हणजे हजारो गळ लावलेल्या मैलोनमैल लांब दोऱ्या, घेऊन या माशामागे लागल्या. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाची पकड 80 हजार टनांच्या घरात गेली, नंतर घसरतच राहिली. 1980च्या दशकात कोटे, म्हणजे वर्षाला किती पकडायचं याच्या मर्यादा, आल्या. 1994 साली ऑस्ट्रेलिया, जपान आणि न्यूझीलंड यांच्या करारातून या एका माशासाठी स्वतंत्र आयोग उभा राहिला.

पण कोटा ठरवायचा कशावरून? समुद्रातला मासा दिसत नाही, म्हणून ठरावीक गळांना किती मासे लागले यावरून साठ्याचा अंदाज बांधत. हा आकडा येतो मासे पकडणाऱ्यांच्याच नोंदींतून. जपान म्हणे साठा सावरतोय, बाकीचे दोघे म्हणत नाही. 1998 मध्ये जपानने ‘प्रायोगिक मासेमारी’ सुरू केली आणि 1999 मध्ये प्रकरण हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं. पुढे 2006 मध्ये, जपानच्या बाजारातली विक्री आणि कागदावरची पकड यांचा मेळ बसत नसल्याचं, आणि तेही अनेक वर्षांपासून, आयोगापुढे आलं. जपानचा कोटा 6,065 टनांवरून 3,000 टनांवर आणला गेला. माझ्या मते कोटा कापला गेला यापेक्षा मोठा धक्का वेगळाच होता: वर्षानुवर्षांच्या गणितांचा पायाच संशयास्पद ठरला.

माशाला चिठ्ठी टोचून सोडायचं आणि पुन्हा सापडला की मोजायचं, हा जुना उपायही इथे लंगडा पडे. चिठ्ठी परत आली नाही तर मासा सापडला नाही, की सापडूनही कळवलं नाही?

याच सुमारास सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संशोधन संस्थेतले मार्क ब्रॅव्हिंग्टन, पीटर ग्रेव आणि कॅम्पबेल डेव्हिस यांनी वेगळीच वाट धरली. तिच्यामागचा विचार अगदी साधा आहे. प्रत्येक पिल्लाला आई-बाप दोनच. समुद्रात प्रौढ मासे थोडे असतील, तर वाटेल तो प्रौढ आणि वाटेल ते पिल्लू घेतलं तरी ते नात्यातले निघण्याची शक्यता जास्त. प्रौढ अफाट असतील, तर नगण्य. म्हणजे चिठ्ठी टोचायची गरजच नाही, पिल्लाच्या अंगातच आई-बापाची खूण आहे.

2006 ते 2010 या काळात बालीतल्या बेनोआ बंदरात उतरणाऱ्या प्रौढ माशांचे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनला येणाऱ्या पिल्लांचे मांसाचे तुकडे गोळा झाले. सुमारे 13 हजार माशांचे डीएनए तपासले, जवळपास 3.8 कोटी जोड्या ताडून पाहिल्या. त्यांत आई-बाप आणि पिल्लू अशा जोड्या निघाल्या 45. ढोबळ हिशेब कुणालाही करता येईल: 3.8 कोटींची दुप्पट भागिले 45, म्हणजे 17 लाखांच्या आसपास. मोठी मादी जास्त अंडी घालते, काही प्रौढ मधल्या काळात मरतात, हे सगळं धरून संशोधकांचा आकडा 20 लाख प्रौढांच्या जवळ आला. तो आधीच्या अंदाजांपेक्षा जास्त होता. पण म्हणून हायसं वाटण्यासारखं नव्हतं: मासेमारीपूर्वीच्या साठ्याच्या तुलनेत उरलेला साठा दहाव्या हिश्श्याहूनही कमीच होता.

दरम्यान 2011 मध्ये बालीतल्या बैठकीत आयोगाने कोटा ठरवण्याचं सूत्रच मान्य केलं. आकडे सूत्रात घालायचे, येईल तो कोटा पाळायचा. दरवर्षीची घासाघीस थांबली. 2016 पासून दोन वर्षांच्या पिल्लांचा इवलासा तुकडा काढून त्यांना सोडतात आणि वर्षभराने पोर्ट लिंकनला आलेल्या माशांशी डीएनए जुळवतात. ही खूण कुणी लपवू शकत नाही. 2019च्या नव्या सूत्रात गळांच्या नोंदींबरोबर या दोन्ही डीएनए पद्धतींना जागा मिळाली.

2021 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने या माशाला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं. 2023च्या मूल्यमापनात साठा मूळच्या 23 टक्क्यांवर होता. 2035 पर्यंत 30 टक्के गाठायचे आहेत.