केळीपासून मेटासेकोयापर्यंत: ओरेगॉनच्या नदीकाठी बदललेले जंगल

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याच्या पूर्व भागात जॉन डे नदीचे खोरे आहे. आज तेथे उघडे डोंगर, सेजब्रशची करडी झुडपे आणि पाण्याच्या कडेने वाढलेले विलो व कॉटनवूड एवढीच काय ती हिरवाई दिसते. याच खोऱ्यातील खडकांत, एकावर एक साचलेल्या गाळाच्या आणि ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत, साडेतीन कोटींहून अधिक वर्षांच्या काळातील वनस्पतींचे अवशेष टिकून राहिले आहेत. १८६०च्या दशकात थॉमस कॉन्डन या धर्मोपदेशकाने या भागातील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

यांतील जुन्या थरांपैकी एक क्लार्नो परिसरात आहे. सुमारे ४.४ कोटी वर्षांपूर्वीच्या या थराला ‘नट बेड्स’ म्हणतात, कारण तेथे फळे आणि बिया सिलिकाने भरून अक्षरशः दगड झालेल्या अवस्थेत मिळतात. स्टीव्हन मँचेस्टर यांनी १९९४ मध्ये केवळ फळे व बिया यांच्या आधारे येथील १७३ जातींची नोंद केली. त्यांत गुळवेलीच्या कुळातील वेली आहेत, द्राक्षाच्या कुळातील वेली आहेत आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या रानकेळीच्या प्रजातीत, म्हणजे एन्सेटमध्ये, मोडणारी एक केळही आहे. जोडीला ताडवर्गीय झाडांचे अवशेषही सापडतात. हिमतुषार फारसे माहीत नसलेल्या, ओलसर आणि वेलींनी गच्च भरलेल्या जंगलाचे हे चित्र आहे.

त्यानंतरच्या काळात वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटत गेले आणि सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन आणि ऑलिगोसीन या युगांच्या सीमेवर, अंटार्क्टिकावर कायमचा बर्फ साचू लागला. ओरेगॉनमध्ये या थंडाव्याचा परिणाम ‘ब्रिज क्रीक’ या सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत दिसतो. येथे केळी आणि ताड नाहीत. त्यांच्या जागी आल्डर, ओक, एल्म, मेपल आणि मेटासेकोया हे सूचिपर्णी झाड आले आहे. वर्षभर हिरव्या असणाऱ्या झाडांऐवजी हिवाळ्यापूर्वी पाने गाळणाऱ्या झाडांचा वरचष्मा झाला, कारण उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात पडलेला फरक अधिक निर्णायक होता.

हा बदल पानाच्या कडेवरूनही वाचता येतो. उष्ण प्रदेशातील बहुसंख्य वृक्षांच्या पानांची कड गुळगुळीत असते, तर थंड प्रदेशात करवतीसारखे दाते असलेली पाने वाढत जातात. बेली आणि सिनॉट यांनी १९१५ मध्ये हा संबंध दाखवून दिला आणि पुढे जॅक वुल्फ यांनी त्याचा उपयोग पुरातन तापमानाचा अंदाज बांधण्यासाठी केला. दात्यांमुळे वसंतात कोवळ्या पानाला लवकर प्रकाशसंश्लेषण सुरू करता येते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाण्यात पडून गाळात दडपली जाणारी पाने मुख्यतः काठावरच्या झाडांची असतात, त्यामुळे जीवाश्मांत दिसते ते प्रथम नदीकाठचे जंगल. मागच्या उतारावरचे जंगल नेहमीच कमी दिसते. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ राल्फ चेनी यांना याची जाणीव होती. १९२०च्या दशकात त्यांनी ब्रिज क्रीकमधील वीस हजारांहून अधिक नमुने मोजले आणि कॅलिफोर्नियातील म्युइर वुड्स या रेडवुडच्या (उंच वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांच्या) जंगलातील ओढ्यात आजची पाने कशी साचतात, याच्याशी त्यांची तुलना केली. जातींची नुसती यादी करण्यापेक्षा ही मोजणी मला कितीतरी अधिक मोलाची वाटते.

तरीही मेटासेकोया तेव्हा चेनी यांना ओळखता आला नाही, कारण तो शास्त्राला ठाऊकच नव्हता. त्याचे अवशेष रेडवुडचे समजले जात. रेडवुडची पाने डहाळीवर एकाआड एक येतात. मेटासेकोयाची मात्र समोरासमोर, जोडीजोडीने असतात आणि शरद ऋतूत ती सबंध डहाळीसकट गळतात. जपानमधील जीवाश्मांवरून शिगेरू मिकी यांनी १९४१ मध्ये हा फरक मांडला. त्याच दशकात मध्य चीनमध्ये हे झाड जिवंत सापडले, १९४८ मध्ये त्याचे औपचारिक वर्णन झाले आणि त्याच वर्षी चेनी ते पाहायला स्वतः गेले. १९५१ मध्ये त्यांनी जुन्या नमुन्यांची नावे दुरुस्त केली.

मेटासेकोया थंडीमुळे ओरेगॉनमधून गेला, असे वाटणे स्वाभाविक आहे; पुरावा मात्र थंडीकडे नव्हे, कोरड्या उन्हाळ्याकडे बोट दाखवतो. सुमारे १.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, तुलनेने उबदार काळातील ‘मॅस्कॉल’ थरांत दलदलीतील सायप्रस आणि ओक भरपूर आहेत. त्यानंतर हवामान पुन्हा थंडावत गेले, पश्चिमेला कॅस्केड पर्वतरांग उंचावल्याने खोरे पर्जन्यछायेत गेले आणि उन्हाळ्यातील पाऊस आटला. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या ‘रॅटलस्नेक’ थरांपर्यंत गवताळ प्रदेश पसरला होता आणि वृक्ष प्रवाहांच्या कडेपुरते उरले होते. मेटासेकोयाला हिवाळ्यातील हिमतुषार सहज सोसतो, पण वाढीच्या काळात मुळाशी ओल लागते. चीनमधून आणलेल्या बियांपासून वाढलेली त्याची झाडे आज ओरेगॉनमधील उद्यानांत चांगली तग धरून आहेत. कोरड्या उन्हाळ्यात त्यांना पाणी मात्र द्यावे लागते.