धावत येतो पण उडत नाही: बांबूउडीतला मनाचा अडसर

काल जमत होतं, आज जमत नाही. आणि जमत नाही म्हणजे उडी चुकते असंही नाही, उडी होतच नाही. बांबूउडीचा खेळाडू रनवेच्या टोकाला उभा राहतो, पोल उचलतो, मस्त वेगात धावत येतो, आता पोल टेकवणार असं आपल्याला वाटतं आणि नेमके तेव्हाच हात वर जायचे थांबतात, पोल तसाच हातात आणि हा सरळ धावत गादीपर्यंत. परत मागे जातो, परत तेच. अंगात ताकद तीच, दुखापत कुठेच नाही. पोल व्हॉल्टवाले, म्हणजे बांबूउडीवाले, याला रन थ्रू म्हणतात, आणि बाकीचे लोक म्हणतात घाबरला. तो घाबरट असता तर या खेळात आलाच नसता हो! म्हणून हे डोक्यात नक्की काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी या उडीत शरीराकडून काय मागितलं जातं ते बघा. अव्वल पुरुष खेळाडू शेवटच्या पावलांत सेकंदाला साडेनऊ-दहा मीटरच्या आसपास वेगात असतो, म्हणजे ताशी साधारण 35 किलोमीटर, आणि हातात पाच मीटरच्या आसपास लांबीचा पोल. या वेगात पोलचं टोक जमिनीतल्या एका पेटीत घालायचं, जी पुढून 60 सेंटीमीटर रुंद असते आणि शेवटच्या फळीपाशी, जिथे पोल अडतो, तिथे फक्त 15, खोली 20 सेंटीमीटर. मग पाय वर, डोकं खाली, आणि उतरायचं पाठीवर. 2025 मध्ये टोकियोत स्वीडनचा बांबूउडीपटू मोंडो डुप्लांटिस असाच 6.30 मीटर गेला. म्हणजे दोन मजली घराच्या उंचीएवढं, डोकं खाली करून.

आता भौतिकशास्त्राची गंमत, आणि सगळी गोम इथेच आहे. धावण्याचा वेग पोल वाकवण्यात साठतो आणि मग वर ढकलतो. वेग पुरेसा असेल तर पोल सरळ उभा राहतो आणि तुम्ही गादीवर पडता. वेग कमी पडला तर पोल उभा व्हायच्या आधीच थांबतो आणि तुम्हाला मागे, रनवेच्या बाजूला टाकतो. म्हणजे बाकी ठिकाणी भीती वाटली की हळू झालं तर धोका कमी होतो, इथे हळू झालं तर धोका वाढतो. शेवटच्या तीन पावलांत मन कचरलं की पाऊल एक तर आखूड पडतं किंवा ताणलं जातं, उडीचा पाय पोल धरलेल्या वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायच्या ऐवजी पेटीपासून जास्त लांब किंवा जास्त जवळ पडतो, जवळ पडला तर खांद्याला जोरात हिसका बसतो, उडी वाकडीतिकडी होते. आणि मेंदू नोंद करून ठेवतो की बघ, धोका होताच!

पावलांचं हे गणित किती नाजूक असतं ते संशोधक डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये लांब उडीवाल्यांवर दाखवलं होतं. धाव बरीचशी ठरलेली असते, पण शेवटच्या काही पावलांत खेळाडू डोळ्यांनी अंतर बघत पाऊल जुळवून घेतो, तेही न कळत. बांबूउडीत याच पावलांत पोल खाली येतो आणि हात वर जातात, सगळं एकदम. मेंदू प्रत्येक हालचालीच्या आधी अंदाज बांधतो की आता अंगाला काय जाणवेल, आणि यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. अंदाज आणि अनुभव काही वेळा जुळले नाहीत की मेंदू बहुधा ती हालचाल सुरू करायलाच तयार होत नाही. माझ्या मते रन थ्रूला भित्रेपणा म्हणणं चूक आहे, पुढे काय होणार याचा अंदाजच येईना म्हणून मेंदूने ब्रेक लावलेला असतो. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली हवेत गेल्यावर आपण कुठे आहोत तेच कळेना, अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या तिथे दीडच झाली आणि ती टीम फायनलमधून बाहेर पडली. खेळ वेगळा, पण दुखणं याच घरातलं. 2024 ला पॅरिसमध्ये तिने परत सुवर्ण जिंकलं.

मग हे वाढत का जातं? कारण प्रत्येक रन थ्रूनंतर हायसं वाटतं. छाती धडधडत असते, उडी सोडली की धडधड थांबते, आणि मेंदूला हेच बक्षीस. मानसशास्त्रात हे जुनं माहीत आहे, टाळल्यावर सुटका झाली की टाळायची सवय पक्की होते. म्हणजे लांब धावेवरून वीस वेळा प्रयत्न करून वीस वेळा थांबलेल्या माणसाने त्या दिवशी उडीची नाही, थांबायची प्रॅक्टिस केलेली असते.

दुसरा घोळ म्हणजे विचार. हात कधी उचलू, पोल कधी सोडू, पाऊल कुठे टाकू. संशोधक रिचर्ड मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच टोलवून खड्ड्यात घालण्यावर, प्रयोग केला, त्यात ज्यांनी नियम घोकून शिकलं होतं त्यांचा खेळ दबावाखाली अडखळला, आणि ज्यांना नियम न सांगता, डोकं दुसऱ्या कामात गुंतवून शिकवलं होतं त्यांची प्रगती दबावातही चालू राहिली. म्हणून अडकलेल्या पोराला काठावरून आणखी पाच सूचना ओरडून देऊ नका हो, "हिंमत कर" तर अजिबातच नको. हिंमत त्याच्याकडे आहे, भरवसा गेलाय.

भरवसा परत येतो तो छोट्या धावेने. चार पावलं, मऊ पोल, पकड एकदम खाली, बार, म्हणजे वरून ओलांडायचा आडवा दांडा, नाहीच, किंवा बारऐवजी नुसता इलॅस्टिकचा दोर. इथून उडी होणारच इतकं सोपं अंतर घ्यायचं. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडतो, म्हणून तो मनात फक्त डावी पावलं मोजतो, "दोन, एक," आणि हात वर. मोजणीत डोकं गुंतलं की सूचनांना जागाच राहत नाही. आणि नियम एकच, निघालो की पोल टेकवायचाच, उडी कशीही होवो. ते होईना तर दोन पावलं आणखी पुढे येऊन निघायचं, पण थांबून दिवस संपवायचा नाही. उडी सहज व्हायला लागली की दोन पावलं वाढवा, मग आणखी दोन, आणि धाव वाढली तसा पोलही थोडा कडक घ्या, कारण वाढलेल्या वेगात मऊ पोल जास्त वाकतो आणि मग त्याचीच भीती बसते.

मध्येच एखाद्या दिवशी अडसर परत येतो, आठ पावलांवर सगळं छान चाललेलं असताना दहा पावलांवर हात थिजतात. तेव्हा मार्क, म्हणजे धाव सुरू करायची खूण, उचलून पुन्हा आठवर आणायचा, तिथून तीन-चार चांगल्या उड्या मारायच्या आणि त्या दिवशी तिथेच पोल आवरून ठेवायचा.