तंबाखू ‘पचते’ म्हणजे नेमकं काय?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर हे वाक्य हमखास कानावर येतं : ‘आमच्या घराण्याला तंबाखू पचते, आजोबा म्हातारपणापर्यंत मळत होते.’

पचते हे खरं असेलही, पण अर्थ उलटा आहे. यकृतातलं सीवायपी२ए६ नावाचं एन्झाइम तंबाखूतल्या, व्यसन लावणाऱ्या निकोटिनचं कोटिनिन या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं. साधारण २ तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. जनुकांमुळे ज्याचं एन्झाइम चपळ, त्याचं आणखी लवकर. निकोटिन उतरलं की तलफ येते, म्हणूनच तर तासाभरात पुन्हा चुन्याची डबी बाहेर! आणि तंबाखूतली कॅन्सर करणारी नायट्रोसमाइन्स ही रसायनं वेगळीच. त्यांतल्या काहींना हेच एन्झाइम जास्त घातक रूप देतं.

जनुकचाचणीतून या वेगाचा अंदाज येतो. तंबाखू सोडण्याचं औषध निवडताना डॉक्टरांना तो उपयोगी पडू शकतो. ‘खा बिनधास्त’ असं मात्र त्या रिपोर्टात कुठंच नसतं.