नाही म्हणायची मुभा : आरोग्य संशोधनाला माणसं कशी मिळत गेली

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीबाहेर, औषधाच्या खिडकीजवळ, कधीकधी एक कागद चिकटवलेला असतो : 'अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवक हवेत.' वयाची अट, रक्त किती वेळा घेणार, किती फेऱ्या माराव्या लागतील, प्रवासखर्च मिळेल, आणि तळाशी एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक. रांगेतला माणूस तो वाचतो आणि विसरतो. पण त्या कागदावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी सोसणं आहे, आणि ही गोष्ट आपल्यापुरती मुंबईपासूनच सांगता येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली सुई त्यांनी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्या काळी संशोधकाचं शरीर हीच पहिली प्रयोगशाळा असे.

पण एका माणसावरून लस सिद्ध होत नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांना विचारलं गेलं. तयार झाले त्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. दोन्ही गट त्याच भिंतींच्या आत राहिले, आणि टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. शास्त्राच्या दृष्टीने ही तुलना मोलाची होती. त्या कैद्यांना स्वयंसेवक म्हणावं का, हा प्रश्न मला मात्र सुटत नाही. शेजारच्या बराकीत प्लेग, बाहेर जायला वाट नाही आणि विचारणारा सरकारी डॉक्टर, अशा वेळी दिलेल्या होकारात मर्जी किती आणि भीती किती, हे कोण मोजणार?

तुरुंगाबाहेर तर माणसं मिळेनात. घरांची झडती आणि रुग्णांना उचलून नेणं यांनी शहर धास्तावलं होतं, ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. खोजा समाजात वाट मोकळी झाली ती त्यांचे धर्मगुरू, तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतल्यावर. लोकांनी लसीचं शास्त्र पारखलं नव्हतं, आपला माणूस हात पुढे करतो आहे एवढं पाहिलं होतं. गावात अभ्यास सुरू करताना आधी सरपंचांकडे, मग आशाताईंकडे जाण्याची आजची रीत याच अनुभवाच्या जातीची आहे.

होकार कागदावर घेण्याचं एक जुनं उदाहरण क्युबातलं. १९०० मध्ये पीतज्वर डासांमुळे पसरतो का, हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाला तपासायचं होतं. स्पेनमधून नुकत्याच आलेल्या मजुरांशी त्यांनी स्पॅनिश भाषेत लेखी करार केले : भाग घेतल्यास १०० डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी १००. धोका करारात लिहिला होता, तोही त्यांच्याच भाषेत, हे त्या काळात खरंच मोठं पाऊल होतं. पण हातावर पोट असलेल्या परक्या मजुराला १०० डॉलर नाकारता येतात का? मोबदला कुठे संपतो आणि आमिष कुठे सुरू होतं, यावर एथिक्स कमिट्यांच्या बैठकीत आजही वेळ जातो.

यानंतरचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात जबरदस्ती कुठेच दिसत नाही. १९३२ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासासाठी गोळा केले. ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग होता, २०१ जणांना नव्हता. बहुतेक गरीब शेतकरी आणि शेतमजूर. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलं आहे, आम्ही फुकट उपचार करू. प्रत्यक्षात रोग उपचाराविना कसा वाढतो, हेच बघायचं होतं. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, न्यायला-आणायला गाडी, मेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीचा खर्च. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं, तेव्हा पत्रात त्याला खास उपचाराची शेवटची संधी म्हटलं. टस्कीगी ही कृष्णवर्णीयांनी उभारलेली संस्था, तिचं रुग्णालय यात सामील होतं, आणि ज्या परिचारिकेवर त्या माणसांचा जीव होता तीही त्यांच्यातलीच होती. म्हणजे विश्वासाचा माणूस पुढे करायचा, ही मुंबईत उपयोगी पडलेली रीत इथे फसवणुकीसाठी वापरली गेली. १९४० च्या दशकात सिफिलिस बरा करणारं पेनिसिलिन आलं तरी ते या पुरुषांना दिलं नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी उघड करेपर्यंत, चाळीस वर्षं, हे चाललं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

मधल्या काळात, ऑगस्ट १९४७ मध्ये, न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना दहा कलमांची संहिता लिहिली. तिचं पहिलंच कलम ऐच्छिक संमती अत्यावश्यक मानतं, आणि सहभागी व्यक्तीला प्रयोगातून बाहेर पडता आलं पाहिजे, हेही संहितेत आहे. आरोपींच्या बचावात अमेरिकेच्या स्टेटव्हिल तुरुंगाचा दाखला दिला गेला. शिकागो विद्यापीठाचे संशोधक तिथे कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग करत होते. गुन्ह्याचं माप त्याने कमी झालं नाही, पण भायखळ्याचा जुना प्रश्न त्या न्यायालयातही येऊन उभा राहिला.

मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. १९४४ मध्ये युद्धाने होरपळलेल्या युरोपात उपासमार होती, आणि उपाशी माणसाला पुन्हा कसं जेवू घालावं याचं नीट शास्त्र हाती नव्हतं. अॅन्सेल कीज या तिथल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी एक पत्रिका काढली. तिच्यावर तीन लहान मुलं, हातात रिकामी भांडी, आणि प्रश्न : त्यांना नीट जेवायला मिळावं म्हणून तुम्ही उपाशी राहाल का? ती पाठवली युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या तरुणांकडे. शेकडोंनी नावं दिली, ३६ जण निवडले गेले. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत त्यांनी २४ आठवडे दिवसाला साधारण १,६०० कॅलरींवर काढले, दर आठवड्याला २२ मैल चालले, आणि वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटलं. काहींची मनं पार कोसळली, एकाने कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची बोटं तोडली. तरी पुढे म्हातारपणी मुलाखती दिलेल्यांपैकी अनेकांना आपण केलं ते योग्यच वाटत होतं. कशासाठी सोसायचं हे त्यांना आधी सांगितलं होतं, आणि ते त्यांना पटलं होतं.

ब्रिटनमध्ये सॅलिसबरीजवळच्या कॉमन कोल्ड युनिटने १९४६ पासून चार दशकं फुकट राहणं-जेवण असलेल्या सुमारे दहा दिवसांच्या सुट्टीची जाहिरात करून माणसं मिळवली. नाकात सर्दीचे विषाणू सोडायचे, आणि पुस्तकं वाचत बसायचं. माणसाला बाधणाऱ्या पहिल्या करोना विषाणूंपैकी एक तिथल्याच कामात हाती लागला, १९६५ मध्ये जाहीर झाला.

टस्कीगीनंतर अमेरिकेत १९७४ मध्ये संशोधनाला परवानगी देणाऱ्या मंडळांचा कायदा झाला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये धोरण मांडलं, २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली. पण संमतीपत्र निर्दोष असलं म्हणजे सगळं सुटतं असं नाही. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होते. १,३१,७४६ महिला, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाला तपासणी नव्हती, फक्त आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा. २००९ चे निष्कर्ष सांगतात : एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. चाचणी एकदाच केली तरी जीव वाचतात, हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांमुळे कळलं. बिनतपासणीचा गट ठेवावा का, यावर पुढे तीव्र वाद झाला. संशोधकांचं म्हणणं, देशात तशी तपासणी कुठेच होत नव्हती, मग तुलना त्याच्याशीच व्हायला हवी. मला हा युक्तिवाद कळतो, पण पटत नाही. कोणतं गाव कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरलं होतं, आणि 'मला दुसऱ्या गटात टाका' असं म्हणायची सोय कुठल्याच बाईला नव्हती.

२००५ मध्ये नियम सैल झाल्यावर परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात वाढल्या. तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, संमती घेतानाचं चित्रीकरण आलं. २०१९ च्या नियमांत ते नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांतल्या दुर्बल गटांसाठी राहिलं, एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या अभ्यासात मात्र फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नाही. लिहितावाचता येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार.

ऑगस्ट २०२० मध्ये कोविशिल्डच्या दुसऱ्या टप्प्याची पहिली टोचणी पुण्यातल्या भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. हाफकिनांच्या मुंबईत लोक लसवाल्यांपासून पळत होते, इथे ते आपणहून हात पुढे करत होते.

माझ्या मनात मात्र पुण्याजवळची सहा गावं जास्त रेंगाळतात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टन विद्यापीठातले सहकारी यांनी १९९३ मध्ये तिथल्या दोन हजारांवर विवाहित बायकांना अभ्यासात घेतलं. दर महिन्याला फील्डवर्कर दारात येऊन पाळीची तारीख विचारत, कारण गर्भ राहिल्यापासूनचं आईचं पोषण मोजायचं होतं. हा प्रश्न सासूसमोर, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. हिंदुस्थानी बाळ वजनाने हलकं पण चरबीने भरलेलं जन्मतं, हे ज्ञान त्या उंबरठ्यांवरून आलं. ती बाळं मोठी झाली. २०१२ मध्ये त्यांच्यावरच ब जीवनसत्त्वाची, बी-१२ ची, चाचणी सुरू झाली, त्यांना पुढे होणारी मुलं जास्त निरोगी निपजतात का हे पाहायला. अठराच्या आत आई-बापांची सही आणि मुलाचा स्वतःचा रुकार, दोन्ही लागतात, आणि अठरा पूर्ण झाली की संमती पुन्हा नव्याने घ्यावी लागते. आईने १९९३ मध्ये दिलेला होकार मुलीला लागू होत नाही. तिच्यापुढे संमतीचा नवा कागद ठेवायचा, तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि ती काय म्हणते याची वाट पाहायची.