फिरता स्प्रिंकलर

फिरता स्प्रिंकलर (फिरती तुषार तोटी) : दाबाखालचे पाणी बारीक छिद्रातून दूर फेकणारे आणि त्याच पाण्याच्या जोरावर स्वतःभोवती फिरून वर्तुळाकार क्षेत्र भिजवणारे साधन. शेती, बागा, हिरवळ आणि क्रीडांगणे यांसाठी ते वापरतात. वेगळी मोटर लागत नाही. पंपाने दिलेल्या दाबातलाच थोडा हिस्सा फिरण्यावर खर्च होतो. कृषी खात्याच्या कागदात ‘तुषार सिंचन संच’ असे लिहिले तरी बांधावर सगळे त्याला स्प्रिंकलरच म्हणतात.

तोटी फिरवणे सोपे आहे, हळू फिरवणे अवघड. घरच्या हिरवळीवरच्या स्प्रिंकलरचे वाकडे बाहू पाण्याच्या प्रतिक्रियेने गरगर फिरतात. १८व्या शतकात योहान सेग्नर या शास्त्रज्ञाने दाखवलेले पाणचक्र याच तत्त्वावर चालत असे. पण वेगाने फिरणारी धार अखंड राहत नाही. ती हवेत वळते, लवकर फुटते आणि चार-पाच मीटरवर खाली येते. पाणी 12-13 मीटर न्यायचे तर धार जवळपास सरळ राहिली पाहिजे, म्हणजे तोटी मिनिटाला एखादाच फेरा घेईल इतकी संथ हवी. (असा प्रतिक्रियेवर चालणारा स्प्रिंकलर पाण्यात बुडवून पाणी आत ओढून घेतले तर तो कोणत्या दिशेने फिरेल, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी 1883 मध्ये मांडला आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्यामुळे तो गाजला. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी 2024 मध्ये प्रयोगाने दाखवले, की तो उलट दिशेनेच फिरतो, पण सुमारे 50 पट हळू.)

संथ गतीची अडचण सोडवली ती कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट या संत्रा-लिंबूवर्गीय बागायतदाराने. 1933 मध्ये त्याने आडव्या हातोड्याचा स्प्रिंकलर तयार केला आणि 1935 मध्ये त्याला पेटंट मिळाले. शेजारच्या लाफेट्रा दांपत्याने त्यावर ‘रेन बर्ड’ हा उद्योग उभा केला. आज महाराष्ट्रातल्या शिवारात टकटक करत फिरणारा स्प्रिंकलर मूळ रचनेत तोच आहे.

रचना व कार्य : पाऊण इंची उभ्या नळीवर, म्हणजे रायझरवर, पितळेचे किंवा प्लॅस्टिकचे धड आटे देऊन बसवतात. धडात बहुधा दोन नोझल, म्हणजे धार काढणारी बारीक तोंडे, असतात. मोठ्याची धार लांब जाते, विरुद्ध बाजूच्या छोट्याची जवळचा भाग भिजवते. मुख्य धार जमिनीशी साधारण 23 ते 27 अंशांचा कोन करून निघते; झाडांखाली लावायच्या तोटीत हा कोन बराच कमी ठेवतात. धडाच्या वर खुंटीवर हातोडा आणि त्याची स्प्रिंग असते. हातोड्याच्या टोकाला चमच्यासारखा वळलेला भाग आणि त्याला लागून पाचरीसारखी पट्टी असते. धार चमच्यावर आदळली की हातोडा बाजूला फेकला जातो आणि स्प्रिंग पिळली जाते. पीळ उलगडताना हातोडा परत येतो. पाचर धारेत शिरताच धार तिला आत ओढून घेते, हातोड्याला जास्तीचा वेग मिळतो आणि तो धडाच्या दांडीवर ठोका देतो. त्या ठोक्याने धड काही अंश सरकते. दोन ठोक्यांच्या मधे धड जागचे हलत नाही, कारण बेअरिंगमधले वॉशर त्याला घर्षणाने धरून ठेवतात. म्हणूनच या बेअरिंगला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. त्याचे वंगण पाणीच. ग्रीसला वाळूचे कण चिकटतात, वॉशर खाल्ले जातात आणि तोटी अडते किंवा गरगरते. तोटी ‘जाम झाली’ म्हणून इंजिनचे तेल सोडणारे पुष्कळ दिसतात. दोन दिवस ती बरी फिरते, मग कायमची बिघडते.

रस्त्याकडेला किंवा बांधालगत अर्धवर्तुळ फिरणारी तोटी लावतात. तिच्या बुंध्यावरच्या दोन क्लिपांमध्ये खटका अडकला की ती मागे फिरते. क्रीडांगणांवर जमिनीतून वर येणाऱ्या तोट्या असतात. त्यांच्यात पाण्यावर फिरणारे छोटे चक्र दातेरी चाकांनी गती कमी करते. हातोडा नसल्याने त्या आवाज करत नाहीत, पण गढूळ पाणी त्यांना मुळीच चालत नाही.

दाब आणि पाणी : 4 मिमी व 2.4 मिमी नोझलची तोटी 2.5 किलो दाबाला (प्रति चौ. सेंमी) तासाला साधारण 1,300 लिटर पाणी देते. तोट्या 12 × 12 मीटरवर ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला 144 चौ. मीटर येतात आणि ताशी सुमारे 9 मिमी पाऊस पडतो. पाइप 6 मीटरचा असल्याने दोन पाइपांमागे एक तोटी हा हिशेब सोपा पडतो. विहिरीत पाणी 12 मीटर खोल असेल तर तोटीपाशी लागणारा दाब (2.5 किलो म्हणजे 25 मीटर उंच पाण्याएवढा), उचल आणि पाइपातले घर्षण धरून एकूण शीर्ष, म्हणजे पंपाला पेलावी लागणारी पाण्याची उंची, 45 मीटरच्या आसपास जाते. 5 अश्वशक्तीचा चांगला पंप तेवढ्या शीर्षावर दहा-अकरा तोट्या चालवतो. दहा तोट्यांची एक ओळ साधारण 14 गुंठे भिजवते. तीन तास पाणी दिले तर 27 मिमी होते, आणि एकरभरासाठी ओळ तीनदा बसवावी लागते. आठ तासांच्या विजेत हे काम बसत नाही, कारण नुसते पाणीच नऊ तास चालते आणि पाइप हलवायलाही वेळ जातो.

इथेच मोह होतो, त्याच पंपावर वीस तोट्या जोडण्याचा. एका ओळीवर तोट्या दुप्पट केल्या की पाणी आणि लांबी दोन्ही दुप्पट होतात आणि घर्षणात जाणारा दाब सुमारे सातपट वाढतो. पंप तेवढे पाणी देऊच शकत नाही. सगळीकडचा दाब पडतो, शेवटच्या तोट्यांचा सर्वात जास्त. ओळीतल्या पहिल्या व शेवटच्या तोटीच्या दाबात 20 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, हा नियम आहे. तेवढ्या फरकाने पाण्यात 10 टक्के फरक पडतो.

दाब कमी पडला हे मीटरशिवायही दिसते. धार फुटत नाही, काठीसारखी जाते, टपोरे थेंब कडेला पडतात आणि तोटीभोवती कंकणासारखा ओला पट्टा उमटतो. मधला भाग कोरडा राहतो. हे थेंब जमिनीची पापडी करतात आणि कोवळी रोपे लोळवतात. दाब फार झाला तर उलटे होते : पाण्याचे धुके होते, ते जवळच पडते किंवा वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतात जाते.

समानता : एकटा स्प्रिंकलर कधीच सारखे भिजवत नाही. तोटीजवळ पाणी जास्त पडते आणि बाहेर जाताना कमी होत जाते. शेजारच्या तोटीचे वर्तुळ त्यावर चढले तरच बेरीज सारखी होते. म्हणून वारा नसताना दोन तोट्यांतले अंतर भिजणाऱ्या व्यासाच्या 65 टक्क्यांपर्यंत चालते, ताशी 6.5 ते 13 किमी वाऱ्यात 50 टक्के ठेवतात, आणि त्याहून जोराच्या वाऱ्यात 30 टक्क्यांवर आणावे लागते. ओळ वाऱ्याच्या आडवी टाकावी. ‘तोटी पोचते तिथे दुसरी लावू’ असे म्हणून 18 मीटर अंतर धरणाऱ्यांच्या गव्हात पुढे हिरवे-पिवळे ठिपके दिसतात, आणि दोष खताला दिला जातो.

समानता मोजण्याची रीत अमेरिकी अभियंते क्रिस्टियनसेन यांनी 1942 मध्ये घालून दिली, आणि ती शेतातही करता येते. चार तोट्यांच्या 12 × 12 मीटर चौकोनात तीन-तीन मीटरवर सरळ भिंतीचे, एकाच मापाचे 16 डबे ठेवावेत. ओळ हलवून पाणी देत असाल तर एका जागी तासभर चालवावे आणि डबे न रिकामे करता, न हलवता दुसऱ्या जागी तासभर. मग प्रत्येक डब्यातले पाणी इंजेक्शनच्या पिचकारीने मोजावे. डब्याचे तोंड 10 सेंमी असेल तर 7.85 मिलि म्हणजे 1 मिमी. समजा सरासरी 71 मिलि आली आणि सरासरीपासूनचे सगळे फरक (कमी-जास्त न पाहता) मिळून 180 मिलि झाले, तर 180 ला 16 × 71 ने भागून 0.16 येतात, समानता 84 टक्के. 85 च्या वर असेल तर संच चांगला. 75 च्या खाली गेला तर नोझल, दाब आणि अंतर तिन्ही तपासावे.

जमीन व पिके : भारी काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग ताशी 1 ते 5 मिमी असतो, पोयट्यात 10 ते 20. त्यामुळे ताशी 9 मिमी पाणी देणारी तोटी काळ्या रानात सुरुवातीला चालते, कारण भेगा पाणी पितात. भेगा मिटल्या की सरीत पाणी साचू लागते. अशा रानात बारीक नोझल वापरावे, किंवा पाणी दोन पाळ्यांत तोडून द्यावे. हरभऱ्यात पाटाचे पाणी जास्त झाले की पीक उभळते (पिवळे पडून वाळते), म्हणून विदर्भ-मराठवाड्यात या पिकाने स्प्रिंकलर गावोगाव नेला. कांद्याला कमी पाण्याच्या छोट्या तोट्या लावतात. उंच उसाला 14 मिमी नोझलची रेनगन (लांब फेकणारी मोठी तोटी) घेतली तर 4 किलो दाबाला ती एकटीच सेकंदाला सुमारे 4 लिटर मागते, म्हणजे वरच्या दहा तोट्यांएवढे, आणि दाबही जास्त. कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले उमलवण्यासाठी मुद्दाम स्प्रिंकलरचा ‘पाऊस’ पाडतात.

खारट पाणी पानांवर सुकले की कडा करपतात. असे पाणी उन्हात देऊ नये. रात्री वारा पडलेला असतो, बाष्पीभवनही कमी. विजेची रात्रपाळी शेतकऱ्याला नकोशी असली तरी स्प्रिंकलरला तीच मानवते. अडचण पाइप हलवण्याची आहे : घोटाभर चिखल, काळोख, सापकिरडूची भीती. म्हणून झेपेल त्याने रात्रीची पूर्ण पाळी पुरेल इतके पाइप आधीच अंथरून ठेवावेत.

बिघाड व निगा : पहिला शत्रू वाळू. 4 मिमीचे नोझल झिजून 4.4 झाले तर पाणी 21 टक्के वाढते, दाब घसरतो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. तपासायला ड्रिल बिटाचा गुळगुळीत बुंधा वापरावा : 4 मिमीचा बुंधा छिद्रात सैल हलला की नोझल बदलावे. तुंबलेले नोझल तारेने किंवा खिळ्याने कोरू नये, ओरखड्याने धार फाटते. खराट्याची काडी पुरते. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ आणि गोगलगायी येतात, तेथे गाळणी हवीच. तोटी फिरत नसेल तर आधी रायझर ओळंब्यात आहे का पाहावे, मग दाब, मग वॉशरमधला कचरा, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि स्प्रिंग ताणून बसतात.

ओळ जोडल्यावर शेवटचे बूच न लावता पाणी सोडून पाइप धुऊन घ्यावा. व्हॉल्व्ह हळू उघडावा. भसकन उघडला तर अडकलेल्या हवेच्या दणक्याने पाइपांच्या जोडांवरच्या क्लिपा सुटतात. जोडाला गळती दिसली की बहुधा रबरी रिंग उलटी बसलेली असते. तिचे ओठ पाण्याच्या दिशेला हवेत. पाइप घेताना त्यावर भारतीय मानक 14151 आणि तोटीसाठी 12232 हे क्रमांक पाहावेत. ‘प्रति थेंब अधिक पीक’ या केंद्राच्या अनुदानात अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 आणि इतरांना 45 टक्के मिळतात. महाराष्ट्राने मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर घालून ते 80 व 75 टक्क्यांवर नेले. हंगाम संपला की तोट्या उतरवून साध्या पाण्याने धुवाव्यात, रबरी रिंगा काढून डब्यात ठेवाव्यात आणि पाइप खताच्या पोत्यांपासून दूर, सावलीत रचावेत. रिंगा पाइपातच राहिल्या तर उंदीर त्या कुरतडतात, आणि हे रब्बीच्या पहिल्या पाण्याला, पंप चालू केल्यावरच कळते.