व्यास की पॉवर? शाळेसाठी दुर्बीण घेण्याआधी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर एक लांबट खोकं पडून आहे. खोक्यावर कड्यांसकट शनीचा झगझगीत फोटो आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘५२५ पट’. ही दुर्बीण मीच पसंत केलेली, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नाही. दुकानात तिच्या शेजारी एक जाडजूड, नळकांड्यासारखी दुर्बीण उभी होती. तिची किंमत जास्त आणि तिच्यावर असा आकडाही नव्हता. कमी पैशात जास्त पॉवर मिळतेय म्हटल्यावर कोण सोडतं?

जानेवारीत नववीची चाळीस मुलं मैदानावर गोळा केली. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, दाखवायचा बेत होता. सगळ्यात जास्त पॉवर होईल अशी जोडणी केली आणि रांग लावली. पहिली पाच-सहा मुलं ‘हो मॅडम, दिसला’ म्हणून सभ्यपणे बाजूला झाली. सातवी मुलगी खरं बोलली : ‘मॅडम, माझ्या पापण्याच दिसतायत.’

मी व्यास आणि पॉवर यांत गल्लत केली होती. नववीच्या पुस्तकात अवकाश निरीक्षणाचा धडा आहे, तो मी दरवर्षी शिकवते, तरीही.

व्यास म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाची किंवा आतल्या मोठ्या आरशाची रुंदी. दुर्बीण आकाशातून किती प्रकाश गोळा करणार हे त्यावर ठरतं. पॉवर, म्हणजे पुस्तकी भाषेत विशालन, हे गोळा झालेलं चित्र किती मोठं करून दाखवायचं याचं माप. व्यास दुर्बिणीसोबत कायमचा येतो. पॉवर मात्र नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग, सगळे आयपीस म्हणतात ती) बदलली की बदलते. म्हणून ‘ही दुर्बीण किती पॉवरची?’ या प्रश्नाला तसा अर्थच नाही, आणि नेमका तोच प्रश्न मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळे पहिल्यांदा विचारतात.

पॉवरचं गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एका बिंदूत गोळा होतो तिथपर्यंतचं अंतर) भागिले नेत्रिकेचं नाभीय अंतर. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. २० मिलिमीटरची नेत्रिका लावली की ३५ पट, ४ मिलिमीटरची लावली की १७५ पट. खोक्यात तिप्पट करणारं बार्लो भिंगही दिलेलं असतं. १७५ गुणिले ३, झाले ५२५. खोकं खोटं बोलत नाही, हिशेब चोख आहे. फक्त या हिशेबात दुर्बिणीचा ७० मिलिमीटर व्यास कुठेच आला नाही. तेवढ्याच नाभीय अंतराचं पण ३० मिलिमीटरचं भिंग पुढे असतं तरी उत्तर ५२५च आलं असतं.

वर्गात मी ताकाचं उदाहरण देते. दही किती विरजलं, तो व्यास. पाणी किती घातलं, ती पॉवर. पाहुणे वाढले की ताकात पाणी ओतून पेले भरता येतात, दही मात्र होतं तेवढंच राहतं. तेजोमेघासारख्या पसरट गोष्टीची पॉवर दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणजे उजळपणा पावपट. त्या रात्री मी मुलांना जे दाखवत होते ते ताक नव्हतं, दह्याचं भांडं विसळलेलं पाणी होतं.

आता दही मोजू. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. भिंग ७० मिलिमीटरचं, म्हणजे व्यास दहापट, पण प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो म्हणून शंभरपट. १५० मिलिमीटरचा आरसा असेल तर साडेचारशेपटीहून जास्त. दुकानातल्या त्या जाड नळकांड्याचा आरसा १५० मिलिमीटरचा होता. माझ्या ‘५२५ पट’पेक्षा ते साडेचारपट जास्त प्रकाश गोळा करणारं होतं.

व्यासाचं दुसरं काम बारकाव्यांचं. जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसण्याची मर्यादा व्यास ठरवतो. ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की ती मर्यादा विकलांमध्ये मिळते (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). ७० मिलिमीटरला सुमारे १.७ विकला, १५० ला सुमारे ०.८. (चंद्राची पूर्ण थाळी साधारण १८०० विकलांची असते.) यापेक्षा बारीक जे आहे ते पुढच्या भिंगातून आलेलंच नसतं, मग नेत्रिका ते आणणार कुठून? मोबाइलवर आलेला फोटो दोन बोटांनी ताणत गेलं की चेहरा मोठा होतो आणि मग नुसते चौकोन दिसू लागतात, तसंच. ढोबळ नियम असा की एका मिलिमीटर व्यासामागे दोन पट पॉवर झेपते. ७० मिलिमीटरला १४० पट, तीही हवा शांत असेल तर.

शाळेच्या दृष्टीने मात्र सगळ्यात नडणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे रांग. पॉवर वाढली की दिसणारा आकाशाचा तुकडा लहान होतो, आणि पृथ्वी काही आपल्यासाठी थांबत नाही. मृगाच्या पट्ट्याजवळचं आकाश मिनिटाला पाव अंशाने सरकतं. चांगली नेत्रिका आहे असं धरलं तर ३५ पटीला सुमारे दीड अंशाचा तुकडा दिसतो. तेजोमेघ एका कडेला ठेवला तर दुसऱ्या कडेला जायला त्याला साडेपाच मिनिटांच्या वर लागतात. तेवढ्यात दहा-बारा मुलांचं बघून होतं. ५२५ पटीला तोच प्रवास २३ सेकंदांत संपतो. एक मूल चष्मा सारखा करतंय, ‘कुठला डोळा मिटू?’ विचारतंय, तोवर आकाश रिकामं. त्यात हलक्या तिपाईला मुलाचा गाल लागला की ती थरथरही ५२५ पट.

पॉवर अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. शनीची कडी ३५ पटीलाही ओळखू येतात, पण १०० ते १२० पटीला बघणारं मूल ‘हे चित्र चिकटवलंय का?’ म्हणून दुर्बिणीच्या पुढे जाऊन डोकावतं. चंद्रावरची विवरं, गुरूचे पट्टे, जोडतारे यांना पॉवर लागते. फक्त ती व्यासाच्या ऐपतीत हवी.

हे सगळं एकाच जागी दाखवायचं तर एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सप्तर्षी गाठावेत. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती. लग्नात नवरानवरीला दाखवतात तीच, त्यामुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. नजर चांगली असेल तर दोघं नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात, त्यांच्यात साधारण १२ कलांचं अंतर आहे. ३५ पटीने पाहिलं की दोघं एकाच दृश्यात मावतात आणि वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. त्या दोघांतलं अंतर फक्त १४ विकला. आता ५२५ पट करा. दृश्यच सहा कलांपेक्षा लहान झालं, म्हणजे वसिष्ठ आत आला की अरुंधती बाहेर. जन्माची जोडी मोडायला एक बार्लो पुरतो.

मोठ्या दुर्बिणींची ओळख कशी करून देतात तेही मुलांना ऐकवावं. घोडेगावजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची वेधशाळा आहे, ती ‘दोन मीटरची दुर्बीण’ म्हणूनच सांगितली जाते. नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिथे डोळा लावायला जागाच नाही, मग पॉवर विचारणार कशाची? सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सनचंही असंच. हा माणूस तिथल्या वेदांत मठात संन्यासी होता. टाकाऊ काचांचे आरसे घासून तो मोठ्या व्यासाच्या दुर्बिणी बनवायचा आणि त्या लाकडी खोक्यावर बसवायचा. मठ सुटल्यावर त्याने फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवलं. ती साधी, खाली फिरकी असलेली बैठक आज डॉब्सोनियन नावाने विकली जाते, आणि चाळीस मुलांच्या धक्क्यांना तिच्याइतकं दुसरं काही पुरं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून शाळेला घ्यायची तर माझी पसंती १५० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची डॉब्सोनियनला. बहुतेकांचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असतं. २५ ची नेत्रिका लावली की ४८ पट, १० ची लावली की १२० पट, तिसरी लागत नाही. आठ इंचीचा मोह मात्र आवरावा. गच्ची तिसऱ्या मजल्यावर असेल आणि शिपाईकाका सुट्टीवर असतील, तर ती कपाटाबाहेर येत नाही. कुठल्याही खोक्यात नेत्रिकेला लावायची, सूर्य बघण्यासाठी म्हणून दिलेली काळी काच निघाली तर ती त्याच दिवशी फोडून टाकावी. उन्हाने तापून ती तडकली तर मुलाचा डोळा जातो.

एवढा निधी नसेल तर १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्यावी. तिच्या अंगावर दोन्ही आकडे लिहिलेलेच असतात. आधीचा १० ही पॉवर, नंतरचा ५० हा मिलिमीटरमधला व्यास. मी ती वर्गात फिरवते आणि कुठला आकडा कशाचा ते मुलांनाच ओळखायला लावते. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाने ५० ला पॉवर म्हटलं.

यंदा सहा इंची आली. तिच्या झाकणात ५० मिलिमीटरचं छोटं टोपण आहे. तेजोमेघ ४८ पटीला लावला, आधी झाकण तसंच ठेवून फक्त टोपण काढलं, मग अख्खं झाकण काढलं. पॉवर तीच, आकारही तोच. व्यास तिप्पट, प्रकाश नऊपट. रांगेतल्या पहिल्या मुलाने न सांगता पुन्हा झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि मागच्यांनी आरडाओरडा करेपर्यंत तो हेच करत राहिला.