आका भाषेखाली काय दडले आहे?

पिग्मींचा, म्हणजे मध्य आफ्रिकेच्या जंगलात शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेल्या ठेंगण्या लोकांचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : या लोकांना स्वतःची भाषाच नाही, शेजारच्या गावकऱ्यांची बोली ते वापरतात. दुसरीकडे ‘अश्मयुगातली भाषा आजही जिवंत’ असे सांगणाऱ्या चित्रफिती फिरत असतात. पिग्मींपैकीच एक असलेल्या आका लोकांच्या बाबतीत हे दोन्ही दावे फोल ठरतात.

आकांची वस्ती मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्येला, लोबाये नदीच्या परिसरात, आणि काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडच्या जंगलात आहे. त्यांची भाषा बांटू कुळातली, म्हणजे मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेकडो भाषांच्या कुटुंबातली. एक माणूस ‘मोआका’, पुष्कळ असले की ‘बाआका’. लिंगाला आणि स्वाहिली याही बांटू भाषा; ‘माणूस–माणसे’ला लिंगालात ‘मोतो–बातो’, स्वाहिलीत ‘म्तू–वातू’; खूण तीच, शब्दाच्या पुढचा उपसर्ग बदलायचा. बांटू भाषा कॅमेरून-नायजेरियाच्या बाजूने पसरू लागल्या त्याला चार-पाच हजार वर्षे झाली. जनुकांचा हिशेब मात्र सांगतो, की या वनवासींचे पूर्वज बांटू बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून त्याच्या कितीतरी आधी, काही दशसहस्र वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. म्हणजे मध्ये कधीतरी आकांनी भाषा बदलली. पण आज त्यांच्या शेजारी गावागणिक वेगळ्या भाषा आहेत आणि आका आपापसांत बोलतात ती यांपैकी कुणाचीच नव्हे.

मग आधीची भाषा कोणती? ती कुठे लिहिलेली नाही. सर्ज बाहुशे या फ्रेंच संशोधकाने इथे आग्नेय कॅमेरूनच्या बाका या दुसऱ्या पिग्मी लोकांना चर्चेत आणले. नावे सारखी वाटली तरी बाकांची भाषा उबांगी या वेगळ्या गटातली आहे, बांटू नव्हे. तरीही दोहोंच्या शब्दसंग्रहाचा सुमारे पाचवा हिस्सा सामाईक निघाला आणि त्यातला फार मोठा भाग जंगलाशी निगडित : मध, रानकंद, प्राणी, हत्तीची शिकार. हत्तीच्या निष्णात शिकाऱ्याला दोन्हीकडे ‘तुमा’ म्हणतात.

खरी गंमत इथून पुढे आहे, कारण अशी यादी चाळायला बसले की ती भराभर आटते. पहिल्यांदा सार्वत्रिक बांटू शब्द काढून टाकायचे. वैद्य किंवा मांत्रिक या अर्थाचा ‘ङांगा’ आका आणि बाका दोघांकडे आहे, पण तो निम्म्या आफ्रिकेत आहे. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग ङ्बाका, मोन्झोम्बो या बाकाच्या भाषाभगिनी तपासायच्या. शब्द तिथेही असेल तर तो बाकाला घरातूनच मिळालेला असणार. तिसरी अडचण योगायोगाची. व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर अशा दोन अक्षरी साच्यात मोजके ध्वनी बसवले की निव्वळ अपघाताने जुळणारे शब्द निघतातच. म्हणून अर्थही नेमका जुळायला हवा : ‘प्राणी’ चालणार नाही, अमुक जातीचे हरिण हवे. शब्द उंच सुरात की खालच्या, हेही पाहावे लागते. सूर बदलला की या भाषांत अर्थ बदलतो आणि घाईत केलेल्या टिपणांत सुरांच्या खुणाच गाळलेल्या असतात.

या चाळण्यांतून जे उरले, त्यावरून बाहुशेंनी तर्क मांडला : आका आणि बाका एकाच जुन्या समाजातून निघाले, दोघांनी वेगवेगळ्या भाषा स्वीकारल्या, पण जंगलाचे शब्द सोडले नाहीत.

तर्क देखणा आहे, पण मला तो पुरता पटत नाही. बाकाच्या भाषाभगिनी आज उबांगी नदीकाठी, म्हणजे बाकांच्या पूर्वेला शेकडो किलोमीटरवर बोलल्या जातात. तेव्हा बाकांचे पूर्वज एकेकाळी तिथेच, आकांच्या शेजारी असणार. कन्नडच्या शेजाराने मराठीत ‘अक्का’, ‘अण्णा’ आले, म्हणून दोघींची आई एक ठरत नाही. शेजाऱ्यांकडून घेतलेला शब्द आणि पूर्वजांकडून उरलेला शब्द यादीत अगदी सारखे दिसतात. फरक करायला तिसरा साक्षीदार लागतो, उदाहरणार्थ कॅमेरूनच्या किनाऱ्याकडचे ग्येली हे पिग्मी, जे या दोघांपासून लांब आहेत. ‘तुमा’सारखे शब्द त्यांच्याकडे भरपूर मिळाले तर बाहुशेंची बाजू बळकट होईल. मात्र ग्येलीही बांटूच बोलतात, त्यामुळे पहिल्या चाळणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.